अकराचा डावा, बाराचा उजवा

१

नंबरकाकांचं खरं नाव पेठेत विचारलंत, तर दहातल्या नऊ जणांना सांगता यायचं नाही. दहावे म्हणजे खुद्द काका, आणि तेही जरा आठवूनच सांगतील.

चाळीस वर्षं त्यांचं बुटांचं दुकान. माणूस पायरी चढून आत येईपर्यंत काकांनी मनात त्याचा नंबर म्हटलेला असायचा. एकदा एक गृहस्थ हटूनच बसले, "आठ! जन्मभर आठच घालतोय." काकांनी वाद घातला नाही, सातचा काढून पायात चढवला. गृहस्थांनी दुकानात दोन फेऱ्या मारल्या आणि मटकन बाकावर बसले. म्हणाले, "म्हणजे बूट निसटू नये म्हणून मी जन्मभर बोटं आवळूनच चाललो की हो!"

सैल बुटासारखा वैरी नाही, असं काका सांगायचे. घट्ट बूट बोंब मारतो, चावतो, फोड आणतो. सैल बूट गप्प राहतो आणि नेमक्या वेळी दगा देतो.

दुसरं त्यांचं सांगणं असं, की गिऱ्हाईकाच्या तोंडाकडे बघायचं नाही. तोंड भिडेखातर 'बसतो, बसतो' म्हणतं, पाय खोटं बोलत नाही. बुटक्या स्टुलावर बसायचं, मान खाली घालायची आणि हात चालवायचे. गिऱ्हाईक लहान मूल असेल, तर एक पाय उचलताना ते आपसूक काकांच्या खांद्यावर हात टेकायचं. असे किती चिमुकले हात त्या खांद्यावर टेकून गेले, त्याला गणती नाही.

फक्त एक हात टेकायचा राहून गेला होता. त्याबद्दल काका कधी बोलत नसत.

२

काकींना झटका आला आणि डावी बाजू गेली. तीन महिन्यांनी पाय परतला, पण फरपटत. हात मात्र रुसलेलाच राहिला. डाव्या हाताची बोटं सरळ ताठ, मिटायचीच नाहीत.

व्यायाम शिकवणाऱ्या बाई येत. एक दिवस त्या म्हणाल्या, "हाताचं आता मनातून काढून टाका, पण पायाचं सोडू नका. मऊ मातीवर रोज चाला. एक महिना बसून राहिलात की कायमच्या बसलात म्हणून समजा. नदीकाठच्या उद्यानात नवी पायवाट झालीय ना? अगदी सोपी आहे."

 बाई बाहेरगावच्या, त्यांना काय माहीत? बत्तीस वर्षांत हे जोडपं नदीच्या बाजूला फिरकलेलं नव्हतं. बाजारात जायचं तरी लांबचा वळसा घालून.

"दुसरीकडे कुठे..." काका पुटपुटले.

"दुसरीकडे सगळं सिमेंट आहे," काकी म्हणाल्या. "अहो, जाऊ या. नदीनं काय आपलं नाव लिहून ठेवलंय?"

उद्यानाच्या फाटकावर पाटी होती : 'सोपी पायवाट. ज्येष्ठ नागरिक व लहान मुलांसाठी योग्य.' काकांनी ती पहिल्या दिवशी वाचली. त्यानंतर तिच्याकडे बघायचं टाळलं.

वाट खरोखरच सोपी होती. डाव्या हाताला झाडांमधून नदी, उजव्या हाताला रान, मध्ये चाळलेल्या मातीचा पट्टा. दर शंभर पावलांवर लाकडी खांब आणि त्यावर आकडा. काकींना सातव्या खांबापर्यंतच झेपे. तिथे बाक होता. बसायचं, दम खायचा आणि आल्या वाटेनं परत. सातपाशीच नदी वळते, आणि वळणावर काळे सपाट खडक पाण्यात उतरतात.

त्या बाकावर दोघं नदीकडे पाठ करून बसत. तसं ठरवलं मात्र कुणीच नव्हतं.

३

उद्यानाचा माळी पहाटे फाटकापासून सातपर्यंत आणि पुढेही दाताळ्यानं माती सारखी करून ठेवायचा. साडेसहाला फाटक उघडलं की पहिली पावलं याच दोघांची.

"काका, तुमच्यासाठी रोज नवी चादर अंथरतो बघा," माळी म्हणायचा.

"आणि आम्ही रोज बूट घालून त्यावर चढतो," काका म्हणायचे.

परतताना काका जातानाचे ठसे वाचत. सवयच ती. आपला आठचा, टाचेला उजवीकडे झिजलेला. काकींचा पाचचा, डावीकडे फरपटीची रेघ. रेघ रोज बोटभर तोकडी होत होती. काकांना त्याचा आनंद एवढा, की पोराच्या परीक्षेचा निकाल वाचावा तशी ते ती रेघ वाचायचे.

नवव्या दिवशी परतताना त्यांना सहा आणि सातच्या मध्ये तिसरे ठसे दिसले.

काकींच्या डाव्या अंगाला, म्हणजे नदीच्या बाजूला, छोट्या बुटांची एक रांग. काकींच्या पावलाला पाऊल लावून चाललेली. सहाच्या खांबापाशी अचानक सुरू होत होती. कुठून आली ते नाही, नुसती सोबत. सातला बाकाच्या अलीकडे वळून ती गवतात, खडकांच्या दिशेनं गेली होती.

काकांनी मनात नंबर म्हटला. म्हणजे म्हणायला गेले, आणि आयुष्यात पहिल्यांदा अडखळले. डावा पाय लहान मुलांच्या मापातला अकरा म्हणत होता, उजवा बारा.

"काय हो, थांबलात का?" काकी पुढून म्हणाल्या.

"बुटात खडा गेला," काका म्हणाले.

दिवसभर दुकानात बसून ते स्वतःची समजूत घालत राहिले. माती ओली होती, उजवा पाय जरा सरकला असेल. एका नंबराचा फरक म्हणजे जवाचा एक दाणा, तो काय उभ्या उभ्या दिसतो? कुणाचं तरी मूल आलं असेल. मुलं काय, कुठेही शिरतात.

पण तळव्याला चांदण्यांची नक्षी होती. ती नक्षी काढणारा कारखाना बंद पडून पंचवीस वर्षं झाली होती.

४

"इतक्या सकाळी पोरं?" माळी हसला. "आमच्या नातवाला शाळेसाठी उठवायला बादलीभर पाणी लागतं. नाही हो काका, तुमच्याआधी फाटकातून चिटपाखरू आत येत नाही."

"नदीकडून?"

"नदीकडून कोण येणार? पोहत?" माळ्यानं दाताळं खांद्यावर टाकलं. मग जरा गंभीर झाला. "एक आहे मात्र. सातच्या खांबाजवळ, बाकापाशी, माती कितीही ओढा, सुकत नाही. हातभर जागा. झरा असेल खालून."

"झराच असेल," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी छोटी पावलं पाचच्या खांबापासून सुरू झाली होती. त्याच्या पुढच्या दिवशी चारपासून. काकांनी चालता चालता झटकन मागे वळून पाहिलं. एकदा, दोनदा. मागे वाट, झाडं आणि धुकं. पण जिथे आत्ताच नुसती माती होती, तिथे आता काकींच्या शेजारी चांदण्या उमटलेल्या होत्या, आणि त्यांच्या कडांतून पाणी पाझरत होतं.

"मान लचकेल," काकी म्हणाल्या. "कोण येतंय मागून? वसुलीवाला?"

"कोणी नाही."

"मग पुढे बघून चाला."

त्या खुशीत होत्या. घरीही सुधारणा दिसत होती. जेवताना बोलायच्या, गुणगुणायच्या. काकांना वाटे, हे ठसे म्हणजे आपल्या म्हाताऱ्या डोळ्यांचा खेळ असू दे, पण ही सुधारणा खरी असू दे. व्यापारी माणूस, मनातल्या मनातसुद्धा घासाघीस करत होता.

५

ज्या दिवशी पावलं पहिल्या खांबापासूनच सुरू झाली, त्या दिवसाची गोष्ट.

सातच्या खांबाच्या जरा अलीकडे काकांच्या बुटाची नाडी सुटली. जगाच्या नाड्या बांधणाऱ्याचीच सुटावी! ते वाकले, बांधली, उठले. काकी वीसेक पावलं पुढे गेल्या होत्या.

आणि काकांनी त्यांचा डावा हात पाहिला.

हात खाली, अंगापासून जरासा दूर. ती बोटं, जी डॉक्टरांनी सोडून दिली होती, बाईंनी मनातून काढायला सांगितली होती, ती मिटलेली होती. मूठ नव्हे. आत काहीतरी धरलेलं असावं, छोटंसं, एवढी जागा ठेवून मिटलेली. आणि तो हात एका लयीत किंचित हलत होता, जसा उड्या मारत चालणाऱ्या मुलाला धरलेला हात हलतो.

"अगं!" काकांनी हाक मारली.

काकींनी ऐकलं नाही. त्या बाकापाशी थांबल्या नाहीत. वाट सोडून गवतात वळल्या, खडकांकडे. फरपटीचा मागमूस नव्हता, तरातरा चालल्या होत्या. मग एकदम त्यांचा डावा खांदा खाली गेला, कुणीतरी सगळं वजन त्यांच्या हातावर टाकावं तसा.

काका धावले. सत्तरीत माणूस धावतो म्हणजे काय, पण धावले. काकींचा एक पाय शेवाळावर होता आणि पाणी हातभरावर होतं, तेव्हा त्यांनी दंड पकडला आणि मागे ओढलं. दोघं गवतात बसलीच.

काकींना दम लागला होता, पण भीती नव्हती. त्या आपल्या डाव्या तळहाताकडे बघत होत्या. तो ओला होता.

"ती ओढत नव्हती हो," त्या म्हणाल्या. "तिच्यावर रागावू नका. घसरली बिचारी. म्हणून मला धरलं. उजवा बूट सैल आहे तिचा."

६

त्यांची मुलगी सहा वर्षांची होती. एका जागी बसायची नाही, म्हणून तिला खारू म्हणत. शेपटी तेवढी नव्हती.

त्या साली काकांच्या हातून दुकानात एक चूक झाली होती. बुटांच्या दुकानात मांडणीवर जोड ठेवत नाहीत, एकच पाय ठेवतात. त्यांच्याकडे उजवा बाहेर असायचा, डावा आत खोक्यात. गर्दीच्या दिवशी त्यांनी मांडणीवरून अकराचा उजवा घेतला आणि घाईत बाराच्या खोक्यातला डावा काढून बांधून दिला. गिऱ्हाईक परत आलं नाही. मागे उरले अकराचा डावा आणि बाराचा उजवा. विकता येईनात, टाकवेनात.

ते काकांनी घरी आणले. नंबरकाकांनी! लोकांच्या पोरांच्या पायाला जवाचा दाणा जास्त होऊ न देणाऱ्या माणसानं आपल्या पोरीला म्हटलं, "घाल गं, वर्षभरात पाय भरेल."

पाय भरायला वर्ष मिळालं नाही. तेव्हा नदीवर उद्यान नव्हतं, नुसता काठ होता. खारू खडकांवर उड्या मारत होती. सगळे म्हणाले, शेवाळ होतं. काकाही म्हणाले, शेवाळ होतं. बत्तीस वर्षं म्हणत राहिले.

आता घरी काकी दवानं भिजलेले कपडे बदलून स्वयंपाकघरात बसल्या होत्या. काका त्यांच्यासमोर उभे राहिले. 

"मला तुला एक सांगायचंय. ते बूट... तिचे... जोडीचे नव्हते. उजवा बाराचा होता. मी तुला सांगितलं नाही."

काकींनी कप खाली ठेवला.

"अहो, तिच्या पायात बूट रोज कोण घालायचं?"

काकांनी खुर्ची ओढली आणि ते बसले.

"पहिल्याच दिवशी कळलं मला. उजव्याच्या पुढे कापसाचा बोळा घातला मी. म्हटलं, तुम्हाला बोलले तर तुम्हाला लागेल. पेठेत एवढं नाव तुमचं." त्या थोडं थांबल्या. "त्या दिवशी ती घाईत होती. बोळा आहे की पडला, ते मी बघितलं नाही. बत्तीस वर्षं मीच म्हणत आलेय, की माझ्यामुळे."

 मग काका म्हणाले, "उद्यापासून आपण तिकडे जायचं नाही."

"मग मी बसूनच जाईन कायमची."

"दुसरीकडे चालू. सिमेंट तर सिमेंट."

"तुम्ही नाही आलात तरी मी जाणार," काकी शांतपणे म्हणाल्या. "ती फाटकापाशी येऊन उभी राहते आता. आईनं काय मागच्या दारानं पळायचं?"

"तिचा तोल पुन्हा गेला तर? मी दर वेळी पोचेन?"

 काकींनी नवऱ्याच्या हातांकडे पाहिलं. नाड्यांनी बोटांवर घट्टे पडलेले ते हात.

७

दुसऱ्या दिवशी काकांनी दुकान सकाळी सहाला उघडलं, पेठ अजून झोपेत असताना. अकराचं खोकं काढलं. डावा बघितला, उजवा बघितला. तळव्यावरचा आकडा वाचला, पुन्हा चष्मा पुसून वाचला, अंगठ्यानं पुढचा भाग दाबून पाहिला. मग खोकं, बुटकं स्टूल आणि टाचेमागे सरकवायची पत्र्याची पट्टी घेऊन निघाले.

"काका, आज दुकान इथेच मांडताय की काय?" माळ्यानं विचारलं.

"एक जुनं गिऱ्हाईक आहे," काका म्हणाले. "बदलून द्यायचं राहिलंय."

सातव्या खांबापाशी काकी बाकावर बसल्या. या वेळी तोंड नदीकडे करून. काकांनी न सुकणाऱ्या मातीसमोर स्टूल ठेवलं, बसले, खोकं उघडलं. कागदाची सळसळ झाली. मग त्यांनी मान खाली घातली आणि डोळे मिटले.

पाण्याचा आवाज होता. एक पक्षी ओरडत होता, तो थांबला.

आपण काय करतोय, असं काकांच्या मनात आलं. शहाणासुरता माणूस, जगाला अक्कल विकणारा, रानात स्टूल टाकून बसलोय. उठावं. हसावं. बायकोला घेऊन डॉक्टरकडे जावं. ते उठणार, एवढ्यात त्यांच्या उजव्या खांद्यावर वजन आलं.

थोडंसं. एक पाय उचलताना मूल टेकतं, तेवढंच. सदऱ्यातून गारवा आत झिरपला आणि पाण्याचा एक थेंब कॉलरच्या आतून पाठीवर उतरत गेला.

हातांना काम माहीत होतं. हात पुढे झाले. टाच सापडली. नदीच्या तळच्या दगडासारखी थंड, गुळगुळीत टाच. पट्टी लावली, दाबली, बूट चढला. नाडी ओढली. दुसरा पाय. खांद्यावरचा हात सरकून जरा मानेपाशी आला. काकांना वाटलं, आता वर बघितलं तर दिसेल. बत्तीस वर्षांत एक दिवस असा गेला नव्हता, की तो चेहरा पुन्हा बघावासा वाटला नाही. आणि त्याच क्षणी त्यांना कळलं, की पाण्यात बत्तीस वर्षं राहिलेला चेहरा आपण बघू नये. पाय खोटं बोलत नाही. पाय सहा वर्षांचाच होता.

त्यांनी दुहेरी गाठ मारली. अंगठ्यानं पुढचा भाग दाबला. अगदी बरोबर. ना दाणा कमी, ना दाणा जास्त.

"बसला का गं?" त्यांनी विचारलं.

खांद्यावरचं वजन गेलं. नव्या तळव्यांचा करकर आवाज झाला, एक, दोन, तीन, बाकाच्या दिशेनं. नंतर काकींचा आवाज, अगदी रोजचा : "बघू? वा. आता नाही घसरायची."

काकांनी डोळे उघडले. खोकं रिकामं होतं. स्टुलासमोर, ओल्या मातीवर, कापसाचा एक बोळा पडला होता. काळपट, भिजलेला, बोटांनी दाबून बसवलेला असावा तशा आकाराचा.

काकी जाग्यावर होत्या, धडधाकट. डावा हात बाकाच्या कडेला, बोटं मिटलेली.

"अहो, उठा आता," त्या म्हणाल्या. "चला."

"कुठे?" काकांनी विचारलं, कारण तेवढंच विचारायचं राहिलं होतं. एकीकडे नदी होती, दुसरीकडे फाटक.

"कुठे म्हणजे? घरी."

८

परतीच्या वाटेवर त्यांनी एकदाही मागे पाहिलं नाही. काकी फरपटत नव्हत्या. नवे बूट करकरतात तसा आवाज सातपासून सहापर्यंत आला, मग पाच, मग चार. फाटकापाशी थांबेल असं काकांना वाटलं. माळ्यानं हात केला, हसला, आणि मग कपाळाला आठी घालून त्यांच्या मागे जमिनीकडे बघत राहिला.

रस्त्यावरच्या गोंगाटात आवाज हरवला. जिन्यात पुन्हा ऐकू आला. दोन मोठ्या माणसांच्या पावलांमध्ये, एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत.

काकींनी कुलूप काढलं. दार उघडून आत गेल्या. काका आत गेले. काकींनी दार लगेच लावलं नाही. दोन माणसांना लागतं त्यापेक्षा थोडा जास्त वेळ त्या दार धरून उभ्या राहिल्या, मग हळूच लोटलं.

"बूट इथेच काढ," त्या दाराजवळच्या रिकाम्या जागेला म्हणाल्या. "फरशी पुसलीय."

काका भिंतीला टेकून उभे होते. घरात आवाज नव्हता. मग फरशीवर अस्वस्थ करकर झाली, एका पायावरून दुसऱ्या पायावर. थांबली. पुन्हा झाली. काहीतरी सुटत नव्हतं, ओढलं जात होतं.

काकांना आठवलं, गाठ दुहेरी होती. सहा वर्षांच्या बोटांना ती सुटायची नाही.

ते पुढे झाले, गुडघे टेकून खाली बसले आणि मान खाली घातली. फरशीवर पाण्याचं एक लहानसं थारोळं होत होतं. त्यांनी हात पुढे केले.

खांद्यावर वजन आलं.